मातीचे धरण आणि त्याचा राखणदार

जानेवारी 2022 मध्ये आपल्या पालघर तालुक्यात एक बातमी हां हां म्हणता पसरली. केळवे रोडच्या पूर्वेला झांजरोळी येथे जे लहानसे मातीचे धरण आहे, त्यातून गळती सुरू झाली होती. दिवस पावसाळ्याचे नव्हते, नदीला पूर नव्हता. पौषातली थंडी पडली होती. केळवे-माहीम भागातील गावांचे पाणी या तळ्यावर अवलंबून, आणि तीच माणसे आता त्या पाण्यालाच भिऊ लागली. पुढे तळ्यातला साठा कमी करण्यात आला, दुरुस्ती हाती घेण्यात आली, आणि अनर्थ टळला. अनर्थ टळला की माणसे विसरतात. हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला टळलेला अनर्थही तितकाच बोलका वाटतो. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी आम्ही विषय निवडला तो लहान मातीच्या धरणाचा. ते कोणाच्या मालकीचे असते, त्याची सुरक्षितता कोण ठरवतो, आणि तो निर्णय कोणाच्या कानी पडतो, हे तीन प्रश्न आम्हांला आपणांपुढे ठेवावयाचे आहेत.

मोठ्या धरणांची ओळख आपणांस निराळी करून द्यावयास नको. सूर्या नदीवरचे धामणीचे धरण सुमारे 59 मीटर उंच आहे, आणि त्याचेही बरेचसे अंग मातीचेच आहे. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांना आणि आपल्या गावांना पाणी मिळते ते याच सूर्येचे. अशा धरणावर अभियंते असतात, चौकी असते, नोंदवही असते. आमची चिंता आहे ती त्याच्या धाकट्या भावंडांची. डोंगराच्या घळीत बसलेले, एखाद्या गावापुरते वा एखाद्या वाडीपुरते बांधलेले, नकाशावर ठिपक्याएवढे दिसणारे जे धरण असते, त्याच्या पायथ्याशी मात्र पाडे वसलेले असतात.

मातीचे धरण म्हणजे मातीचा नुसता ढीग नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्या पोटात चिकण काळ्या मातीचा गाभा असतो. तो पाणी अडवतो. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरुमाचे जाड वेष्टण असते; ते गाभ्याला आधार देते. पाण्याच्या बाजूला लाटांनी माती धुपू नये म्हणून दगड बसवलेले असतात. बाहेरच्या पायथ्याशी वाळू-खडीची गाळणी असते. आणि या सर्वांहून महत्त्वाचा असतो सांडवा. दगडी भिंतीवरून पाणी काही काळ वाहिले तर ती कदाचित तग धरील. मातीच्या भिंतीवरून ते वाहू लागले की थोड्याच वेळात माती कापली जाते आणि भगदाड पडते. जास्तीचे पाणी सांड्यावाटे मुकाट्याने निघून गेले पाहिजे. सांडवा अपुरा असला, गवताने वा दगडांनी बुजला, तर धरण कितीही पक्के असो, त्याचे दिवस भरले असेच समजावे.

दुसरा धोका आतला असतो. प्रत्येक मातीचे धरण थोडेफार झिरपतेच. झिरपणारे पाणी स्वच्छ असेल आणि त्याची धार वाढत नसेल, तर फारसे भिण्याचे कारण नाही. तेच पाणी गढूळ येऊ लागले, तर समजावे की ते आपल्याबरोबर धरणाची माती घेऊन निघाले आहे. आत बारीक नळी पडते, नळीची मोरी होते, आणि मग वरची भिंत खचते. उंदरांची बिळे, झाडांची मुळे, धरणाच्या पोटातून नेलेल्या नळाभोवती सैल राहिलेली माती, या सर्व जागा पाण्याला वाट दाखवतात. हे सारे कळण्यास मोठी यंत्रे लागतात असे नाही. रोज बांधावरून चालणारा, कालचे आणि आजचे पाणी पाहून त्यांतला फरक ओळखणारा एक माणूस पुष्कळ काम करतो. हा माणूस कोण, हाच आमच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

खाजगी मालकीची मातीची धरणे आपल्या महाराष्ट्रात कोठे झाली असतील, तर ती पूर्व विदर्भात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. आजही सरकारदरबारी त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ असेच आहे. चंद्रपूरच्या गोंड राजांनी तलाव बांधणाराला त्याखाली भिजेल तेवढी जमीन देण्याची चाल पाडली, अशी परंपरा जुन्या गॅझेटिअरांत नोंदलेली आढळते. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. नवेगाव बांधचा प्रचंड जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला असे सांगतात. सभोवारच्या टेकड्यांमधील खिंडी पाळींनी बुजवून त्याने हे पाणी अडवले. पुढे लोकांनी त्याला कोलासुर म्हणून देवपद दिले. धरण बांधणारा माणूस देव होतो, यात केवळ भाबडेपणा पाहू नये. ज्या पाळीवर देव बसला, त्या पाळीची माती खणून नेण्यास कोणाचा हात सहसा धजत नाही.

इंग्रजी अंमलात, 1860 नंतरच्या जमाबंदीत, मालगुजारांना गावाची मालकी मिळाली आणि तलावही त्यांच्या मालकीचे ठरले. मालगुजाराने पाळ राखावी, गावकऱ्यांनी अंगमेहनत करावी, आणि पाणी रीतीप्रमाणे वाटून घ्यावे, अशी ती व्यवस्था होती. तिचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तीत वेठबिगार होती, उच्चनीच होते, आणि पाण्याचा पहिला घोट बहुधा धन्याच्याच शेताला मिळे. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मालगुजाराचे स्वतःचे भात त्याच पाळीखाली पिकत असे. पाळ फुटली तर प्रथम त्याचेच पीक वाहून जाई. ज्याचे भात पाळीखाली, त्याचा डोळा पाळीवर. लाभ आणि धोका एकाच डोक्यावर असल्यामुळे दर्जा ठरवणारा वेगळा अंमलदार त्या तलावाला लागला नाही.

आपल्या कोकणपट्टीलाही हा विचार परका नव्हता. कुलाबा जिल्ह्यात खाडीचे पाणी अडवून जी जमीन काढली जाई, तिथे शिलोत्रदाराची वहिवाट होती. बाहेरचा बांध त्याने दुरुस्त ठेवावयाचा, आणि त्याबद्दल कुळांनी बिघ्यामागे ठरावीक धान्य त्याला द्यावयाचे. सरकारी धारा वेगळा आणि बांधाचे धान्य वेगळे. बांध राखण्याचा मोबदला उघड ठरलेला होता, आणि तो न राखल्यास कोणाला जाब विचारावयाचा हेही कुळाला ठाऊक होते.

पुढे काळ पालटला. 1950 च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली, आणि 1951 पासून तलाव सरकारजमा झाले. मालकी बदलली, हे न्यायाला धरूनच झाले. एका माणसाच्या हाती गावाचे पाणी असावे, ही गोष्ट लोकशाहीला शोभणारी नव्हती. परंतु मालकीबरोबर जबाबदारीचे वाटप तितक्या काळजीने झाले नाही. मालगुजाराला वाटे, आता हे आपले नव्हे. गावकऱ्याला वाटे, आता हे सरकारचे. आणि सरकारच्या खात्यापुढे असे हजारो तलाव. पुष्कळ ठिकाणी पाळी खचल्या, पोटात गाळ साचला, काठावर अतिक्रमणे झाली. कागदावर धनी होता, बांधावर नव्हता.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, खाजगी मालकी चांगली आणि सरकारी वाईट. परंतु इतिहास असा सरळ धडा देत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या साउथ फोर्क येथील मातीच्या धरणाची कथा याच्या नेमकी उलट आहे. ते 72 फूट उंचीचे धरण राज्यसरकारने कालव्यासाठी बांधले. आगगाडी आली, कालवा निरुपयोगी झाला, आणि धरण विकले गेले. हस्तांतरांच्या ओघात एका मालकाने धरणाच्या तळाचे लोखंडी नळ काढून मोडीत विकले. शेवटी 1879 मध्ये ते धनिकांच्या एका मासेमारी-शिकार मंडळाकडे आले. मंडळाने धरणाचा माथा खाली केला, कारण त्यावरून घोडागाड्या जावयास रस्ता रुंद हवा होता. सांड्यावर जाळ्या बसवल्या, कारण तळ्यात सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत. तळाचे नळ पुन्हा बसवले नाहीत. म्हणजे तळे रिते करण्याची सोयच उरली नाही.

खाली जॉन्सटाउन नावाचे कारखान्यांचे गाव होते. आपल्या बोईसरसारखेच म्हणा ना. तेथील पोलाद कंपनीने 1880 मध्ये आपला जाणकार पाठवून धरण तपासले. तळाला पाणी सोडण्याची वाट नाही आणि जुनी डागडुजी कच्ची आहे, असे त्याने स्पष्ट लिहून दिले. मंडळाने उत्तर दिले की भिण्याचे काही कारण नाही. दर वर्षी वसंतात धरण फुटणार अशी आवई उठे, धरण फुटत नसे, आणि लोक हसून कामाला लागत. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टीत पाणी माथ्यावरून वाहिले आणि धरण गेले. 2,209 माणसे मेली. न्यायालयात मंडळाकडून मृतांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली नाही. इथे मालक होता, पैसा होता, तपासणीचा अहवालही होता. नव्हते ते एवढेच की, धोका ज्यांच्या डोक्यावर होता, त्यांचा धरणावर काडीचाही अधिकार नव्हता. आणि अधिकार ज्यांच्या हाती होता, ते उन्हाळ्याचे पाहुणे होते.

मग सरकारी धरण तरी निर्धोक असते काय? याचे उत्तर महाराष्ट्राला 12 जुलै 1961 रोजी मिळाले. पुण्याजवळ आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण उभे राहत होते. काम पुरे झालेले नव्हते, तरी त्या पावसाळ्यात पाणी साठवले गेले. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम आणि तिची दारे अपुरी होती. पाऊस मात्र भरपूर पडला. मोरीला हादरे बसू लागले, तिच्यावरची भिंत खचू लागली. जवानांनी आणि कामगारांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा उंचावला. त्यांच्या त्या झुंजीपुढे आजही मस्तक नमते. परंतु पहाटेनंतर धरण फुटले, पुढे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही गेले, आणि पुण्याच्या पेठांत पाणी शिरले. शहराला वेळीच पुरेशी सूचना मिळाली नाही, हे शल्य पुणेकरांच्या मनात अनेक वर्षे राहिले. पाण्याशी झुंजणाराला रात्रभर धोका दिसत होता; खाली झोपलेल्याला तो माहीत नव्हता.

सुरक्षिततेचा दर्जा ठरवण्याची पद्धत अशा आघातांतून जन्मली. 1979 च्या ऑगस्टमध्ये सौराष्ट्रात मच्छू नदीवरचे धरण फुटून मोरवी शहर बुडाले. त्या सुमारासच देशात धरणसुरक्षेची स्वतंत्र यंत्रणा उभी राहू लागली. आपल्या राज्याने 1980 मध्ये नाशिक येथे धरण सुरक्षितता संघटना स्थापिली. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर धरणाची पाहणी करावी, आणि आढळलेल्या दोषांची तीन वर्गांत वाटणी करावी, अशी रीत पडली. ज्या दोषामुळे धरण फुटण्याची भीती आहे, तो पहिल्या वर्गात. जो मोठा आहे आणि त्वरेने दुरुस्त केला पाहिजे, तो दुसऱ्यात. आणि किरकोळ, वर्षभरात निस्तरता येईल असा, तो तिसऱ्यात.

या वर्गवारीकडे पाहताना एक भेद विसरता कामा नये. धरणाची प्रकृती कशी आहे हा एक प्रश्न, आणि ते फुटले तर खाली काय बुडेल हा दुसरा. पहिल्याचे उत्तर धरणावर उभे राहून मिळते. दुसऱ्याचे उत्तर खालच्या वस्तीत हिंडून मिळते. ठणठणीत धरण वस्तीच्या माथ्यावर असेल तर त्याचा धोका मोठाच समजला पाहिजे, आणि मोडकळीला आलेले धरण निर्जन रानात असेल तर त्याचा धोका कमी. शिवाय दुसरे उत्तर धरणाला हात न लावताही बदलते. काल जिथे माळरान होते तिथे आज चाळी उठल्या, तर धरण तेच राहून त्याचा धोका वाढतो. बोईसरभोवती गेल्या पन्नास-साठ वर्षांत वस्ती किती वाढली, हे आपणांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे.

दर्जाच्या शब्दावर किती विसंबावे, याचा ताजा दाखला पुन्हा अमेरिकेतलाच आहे. मिशिगन राज्यातील एडनव्हिलचे मातीचे धरण एका खाजगी कंपनीच्या मालकीचे होते. सांडवा अपुरा आहे, तो वाढवा, असे मध्यवर्ती सरकारच्या आयोगाने वर्षानुवर्षे बजावले; कंपनीने मनावर घेतले नाही, म्हणून 2018 मध्ये वीजनिर्मितीचा परवाना रद्द झाला. देखरेख राज्याकडे आली. राज्याच्या पाहणीत धरणाची प्रकृती ‘ठीक’ या दर्जाची ठरली. 19 मे 2020 रोजी ते फुटले, आणि त्याच्या खालचे सॅनफर्डचे धरणही गेले. सुमारे दहा हजार लोकांना आधीच हलवले होते, म्हणून जीवितहानी झाली नाही. ‘ठीक’ हा शब्द धरणाला वाचवू शकला नाही. वेळेवर दिलेल्या हाकेने माणसे मात्र वाचली.

आमच्याकडे ती हाक पोचली नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. भेंदवाडीतली घरे वाहून गेली, आणि वीसहून अधिक माणसांचा बळी गेला. धरण लहान, मातीचे, सरकारी. गळतीबद्दल ग्रामस्थांनी आधी तक्रारी केल्या होत्या. धरण खेकड्यांनी पोखरले, असे नंतर सांगण्यात आले, आणि त्यावर राज्यभर बरीच थट्टाही झाली. आम्ही त्या थट्टेत सामील होणार नाही. प्राणी बांध पोखरतात ही गोष्ट काही खोटी नाही. परंतु खेकड्याचे बीळ एका रात्रीत धरण फोडीत नाही. बीळ दिसण्यास आणि बुजवण्यास पावसाळ्यापूर्वीचे सारे दिवस हाती असतात. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण शेतकऱ्याने गोठ्यासाठी केली. ती धरणालाही लागू पडावी हे दुर्दैव.

त्यानंतर, 30 डिसेंबर 2021 पासून, देशात धरण सुरक्षा कायदा अमलात आला. मालक सरकार असो, महामंडळ असो की खाजगी कंपनी असो, धरणाच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकाचीच, हे त्याने स्पष्ट केले. पाहणी, नोंदी, धोक्याची वर्गवारी, आपत्तीच्या वेळचा आराखडा, यांचे बंधन घातले, आणि कसूर करणाराला शिक्षेची तरतूद केली. हे फार मोठे पाऊल आहे. तथापि हा कायदा 15 मीटरांहून उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटर उंचीची धरणे काही अटींतच त्याच्या कक्षेत येतात. उदाहरणार्थ, माथ्याची लांबी 500 मीटरांहून कमी नसली, किंवा साठा दहा लाख घनमीटरांहून कमी नसला तर. त्याहून लहान धरणांना हा कायदा शिवत नाही. मालगुजारी तलावांपैकी बहुतेक त्याच्या बाहेरच राहतात. उद्या आपल्या भागात कोणी हौसेने ओढा अडवून शेतघरापुढे आठ मीटरांचा बांध घातला, तर तोही बाहेरच राहील. पाणी मात्र कायद्याची पट्टी लावून वाहत नाही.

लहान धरण आपोआप कमी धोक्याचे, असे मानणे ही चूक आहे. त्याला चौकीदार नसतो, त्याच्यापाशी दूरध्वनी नसतो, आणि फुटल्यावर खालच्या पाड्यापर्यंत पाणी पोचण्यास मिनिटेच लागतात. त्यातच नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका लागली. घरांना तडे गेलेले आपण पाहिले आहेत. घराचा तडा डोळ्यांसमोर असतो. बांधाच्या माथ्यावरची चीर गवतात झाकलेली असते. ती पाहण्यास कोणीतरी मुद्दाम चालत जावे लागते.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मातीच्या धरणाची सुरक्षितता मालकीच्या दस्तऐवजाने ठरत नाही. साउथ फोर्कचे मालक खाजगी होते, पानशेत आणि तिवरे सरकारी होती. दुसरीकडे आपल्या शेजारी साष्टीतील विहार तलावाचे मातीचे बांध 1860 पासून उभे आहेत, आणि मालगुजारी पाळींतील अनेक त्याहून जुन्या आहेत. टिकलेल्या बांधांमागे एक गोष्ट समान आढळते: बांधावर नित्य फिरणारे पाऊल, आणि त्या पावलाने आणलेली बातमी ऐकून हलणारा हात. दर्जा हा त्या बातमीचा सारांश आहे. तो कपाटात राहिला, तर त्याचा उपयोग कपाटालाच.

शिलोत्रदाराच्या कुळाला बांध कोणी राखावयाचा हे माहीत होते. आज झांजरोळीखालच्या, वा कुठल्याही लहान धरणाखालच्या, माणसाला ते माहीत आहे काय? आपल्या डोक्यावरच्या धरणाची शेवटची पाहणी केव्हा झाली, दोष कोणत्या वर्गाचा निघाला, तो दुरुस्त झाला की नाही, आणि रात्री हाक आली तर कोणत्या टेकाडावर चढावयाचे, या चार गोष्टी ग्रामसभेत दर वर्षी मृगापूर्वी वाचून दाखवल्या गेल्या पाहिजेत. यास मोठा पैसा लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. मागणारी माणसे मात्र लागतात.

वसंतातली ही व्याख्याने संपतील, आणि थोड्याच दिवसांत ढग पश्चिमेकडून चढू लागतील. त्यापूर्वी एखाद्या सकाळी आपल्या जवळच्या बांधापर्यंत चालत जावे, पायथ्याशी उभे राहावे, आणि झिरपणारे पाणी ओंजळीत घेऊन पाहावे. ते स्वच्छ असेल तर समाधानाने घरी यावे. गढूळ असेल, तर घरी न येता तडक कचेरीची वाट धरावी.